भिवपुरीची फेरी

भिवपुरी रोड स्टेशनावर पावसाळ्यात उतरणारा मुंबईकर बहुधा धबधब्याला जातो, मनसोक्त भिजतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. भिवपुरी पाहिल्याचे समाधान त्याच्या पदरी पडते; भिवपुरी मात्र राहून जाते. स्टेशनाच्या नावातला 'रोड' हा शब्दच बजावतो, की गाव येथे नव्हे, दूर सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. पुण्या-मुंबईच्या जुन्या पेठा दाखवावयास हल्ली मार्गदर्शक मिळतात. या गावाला तसा कोणी नाही; तेव्हा वाटाड्याचे काम आज आम्हीच पत्करतो.

प्रथम तळ्यापाशी थांबावे. पेशव्यांच्या घराण्यातील पार्वतीबाईंनी बांधविलेले हे दगडी तळे पाहून कोणीही विचारील, की या आडगावी एवढा खर्च कशासाठी? मान वर केली की उत्तर दिसते. मावळातून येणारा कुसूर घाट येथे उतरतो. लादलेल्या बैलांना चढापूर्वीचे अखेरचे आणि उतारानंतरचे पहिले पाणी येथलेच. गाव आडवळणी नव्हतेच मुळी. ते आडवळणी केले शेजारच्या बोरघाटाने. १८३० साली त्या घाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ साली आगगाडी चढली, आणि कुसूरच्या फरसबंदीवर गवत माजले.

पण डोंगर उतरणारे सारेच काही थांबले नाही. माणसे नि बैल येईनासे झाले, तेव्हा पाणी येऊ लागले. आंध्रा नदी ही इंद्रायणीला मिळणारी. तिचे पाणी भीमेवाटे पूर्वसमुद्राला जायचे. टाटांनी ठोकरवाडीस धरण घालून ते अडविले, बोगद्यातून व नळांतून कड्याखाली सोडले, आणि १९२२ साली भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. नदीला पाठ फिरवायला लावणारी ही करामत पाहून छाती दडपते, हे खरे. मात्र धरणाखाली गेलेल्या मावळातल्या जमिनींची आठवण वाटाड्याने येथे करून द्यावी. वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. तारा गेल्या त्या पायथ्याच्या झोपड्यांवरून.

म्हणून पुढचा मुक्काम मनोऱ्यांखाली. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी सावकारी पाशातून शेतकरी सुटावा म्हणून धान्यकोठ्या काढल्या होत्या. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने नेमके हे विजेचे मनोरे पाडले. मुंबईतल्या युद्धोपयोगी उत्पादनाचा गळा कोठे आवळता येतो, हे या डोंगरातल्या माणसांनी बिनचूक हेरले होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी भाई आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. सिद्धगड येथून उत्तरेस आहे. त्या दिवशी तेथे आजही लोक जमतात.

परतताना राजनाल्याच्या काठाने यावे. वीजघरातून सुटलेले पाणी या कालव्याने कर्जतच्या शेतांना मिळते. फेरी उन्हाळ्यात केलीत तर धबधबा कोरडा असेल, पण नाल्यालगतची भातखाचरे हिरवी दिसतील.