एक तोळ्याचा रुपया

आमच्या घोटीच्या घरात लक्ष्मीपूजनाच्या तबकात चांदीचे दोन रुपये असतात. आजी दोन्हींना ‘राणीछाप’ म्हणायची. तिला अक्षरओळख नव्हती. पहिल्या रुपयावर व्हिक्टोरिया राणी आणि १८६२ साल आहे; दुसऱ्यावर सहावा जॉर्ज आणि १९४४ साल. म्हणजे राणीछाप एकच, दुसरा राजाछाप. हा फरक माझ्याही ध्यानात फार उशिरा आला. तोवर त्या फरकापायी आमच्या घराने एका माणसावर चाळीसेक वर्षे लबाडीचा आळ ठेवला होता. ती हकीकत सांगण्याआधी रुपयाची कुळकथा थोडक्यात पाहिली पाहिजे.

सोळाव्या शतकात शेरशहा सूरने सुमारे १७८ ग्रेन वजनाचा चांदीचा रुपया पाडला आणि मोगलांनी तोच पुढे चालवला. पेशवाईत तर गावोगावचे रुपये निराळे होते. आपल्याच जिल्ह्यात चांदवडला होळकरांची टांकसाळ होती. तिथल्या रुपयावर नाव मात्र दिल्लीच्या शाहआलम बादशहाचे असे. चांदवडी, अंकुशी, सुरती असे नाना रुपये बाजारात फिरत आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. सराफ रुपया तोली, दगडावर वाजवून पाही आणि कमअस्सल वाटला की बट्टा कापून घेई. ‘नावाला बट्टा लागणे’ आणि ‘खणखणीत नाणे’ हे आपल्या भाषेतले शब्दप्रयोग या सराफी व्यवहारातलेच.

हा गोंधळ मोडला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३५ च्या कायद्याने. त्यानंतर कंपनीच्या सर्व मुलखात एकच रुपया झाला : वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम; बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग भेसळ. नाण्यावर प्रथमच इंग्लंडच्या राजाचा, चौथ्या विल्यमचा, मुखवटा आला. पण बाजाराच्या दृष्टीने मुखवट्यापेक्षा वजन महत्त्वाचे होते. १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा. ऐंशी तोळ्यांचा एक शेर आणि चाळीस शेरांचा एक मण असे सरकारी कोष्टक होते. म्हणजे पारड्यात ऐंशी रुपये टाकले की शेर झाला. ज्या हातात पैसा, त्याच हातात वजनही. घोटीसारख्या भाताच्या पेठेत डोंगरातून माल घेऊन उतरणाऱ्या निरक्षर माणसाला ही केवढी सोय होती, हे तराजूशी ज्याचा संबंध आला त्यालाच उमजेल.

पुढे शंभर वर्षे छाप बदलत राहिली, तोळा हलला नाही. १८४० मध्ये तरुण व्हिक्टोरिया आली, १८६२ मध्ये तिच्या डोक्यावर मुकुट आला, १८७७ पासून ‘क्वीन’ची ‘एम्प्रेस’ झाली. सातवा एडवर्ड नाण्यावर बोडक्या डोक्याने आला. १९११ मध्ये पाचव्या जॉर्जच्या रुपयाने तर वादळच उठवले. राजाच्या झग्यावरील साखळीत हत्ती कोरला होता. त्याची सोंड इतकी आखूड दिसे की लोक म्हणू लागले, हे डुक्कर आहे. हिंदू-मुसलमान दोघांनाही ते खपण्यासारखे नव्हते. सरकारने मुकाट्याने साचा बदलला आणि १९१२ च्या रुपयावर हत्तीला नीट सोंड फुटली. दुखावले की लोक बोलतात आणि छाप बदलते, असा हा प्रसंग. पण छाप जशीच्या तशी ठेवून आतला धातू बदलला, तर लोकांना कळणार कसे?

नेमके तेच १९४० मध्ये घडले. दुसरे महायुद्ध पेटले होते. लोक नोटा मोडून चांदीचे रुपये घरात पुरू लागले होते आणि सरकारला चांदी पुरेना. तेव्हा रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली : ५० भाग चांदी, ४० भाग तांबे, ५ भाग निकेल, ५ भाग जस्त. वजन तेच, एक तोळा. राजाही तोच. मागच्या बाजूची वेलपत्तीसुद्धा तशीच. फरक होता तो कडेला. जुन्या रुपयाच्या कडेवर साध्या उभ्या रेघा असत. नव्याच्या कडेला खोट्या नाण्यांना आळा बसावा म्हणून मधोमध खाच पाडून नक्षी केलेली होती. पाठोपाठ १९४१ ते १९४३ या काळात व्हिक्टोरियापासूनचे जुने, भरपूर चांदीचे रुपये एकामागून एक चलनातून बाद केले गेले.

आता आमची हकीकत. आजीचे लग्न १९४५ चे. तिला सासरहून वीस रुपये मिळाले, शिवाय माहेरचा एक जुना रुपया होता. सासरच्यांपैकी एक तिने पूजेला ठेवला आणि बाकीचे एकोणीस फडक्यात बांधून पेटीच्या तळाशी जपले. पासष्ट साली आत्याच्या लग्नात ते बाहेर निघाले. आजोबांनी ते सोनाराकडे नेले. सोनाराने तोलले, एक कापून पाहिला आणि म्हणाला, ‘एकोणीस तोळे वजन आहे, चांदी साडेनऊ तोळे धरीन.’ आजोबांचा हिशेब सतरा तोळ्यांच्या वर होता. लग्न तोंडावर आलेले, त्यामुळे मुकाट पैसे घेतले. पण त्या दिवसापासून आमच्या घरातले कोणी त्याच्या दुकानाची पायरी चढले नाही. ‘सोनाराने अर्धी चांदी खाल्ली’ हे वाक्य ऐकतच मी मोठा झालो.

पुढे पुष्कळ वर्षांनी त्र्यंबक रस्त्यावरील अंजनेरीचे नाणेसंग्रहालय पाहायला गेलो. तिथून नाण्यांविषयी वाचायची गोडी लागली, आणि एके दिवशी १९४० च्या बदलाची माहिती हाती आली. त्या रात्री पूजेतले दोन्ही रुपये काढून कडेवरून नख फिरवले. राणीच्या रुपयाला साध्या रेघा, जॉर्जच्या रुपयाला खाच. एकोणीस तोळ्यांचे निम्मे साडेनऊ. सोनाराने पै न पै खरी सांगितली होती.

स्वातंत्र्यानंतरचा रुपया आणखी दूर गेला. १९४७ मध्ये चांदी पूर्ण गेली. निकेलचा, पाठीवर वाघ असलेला रुपया आला. १५ ऑगस्ट १९५० ला राजाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आणि वाघाच्या जागी धान्याची कणसे आली, पण वजन अजून तोळाच होते. १९५७ मध्ये आणे-पै जाऊन शंभर नवे पैसे आले, पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आले, आणि १९६२ पासून रुपया १० ग्रॅमचा झाला. सव्वाशे वर्षांचा तोळा तिथे संपला. गंमत अशी की सराफ आजही १० ग्रॅमला तोळाच म्हणतो. पुढे तांबे-निकेलचा रुपया १९७५ मध्ये ८ ग्रॅमचा आणि १९८३ मध्ये ६ ग्रॅमचा झाला. १९९२ मध्ये पोलाद आले, वजन ४.८५ ग्रॅम. २००७ च्या रुपयावर अंगठा, २०११ मध्ये ₹ हे नवे चिन्ह. २०१९ चा रुपया २० मिलिमीटर रुंद, ३.०९ ग्रॅमचा. त्याला ना कोणी तोलत, ना वाजवून पाहत. त्यात धातू किती हे विचारण्याचे कारणच उरलेले नाही, आणि त्यामुळे १९४० सारखी फसगतही आता होणार नाही. त्या काळच्या माणसाची अडचण हीच होती, की सरकारने रुपया विश्वासावर चालवायला घेतला आणि लोक मात्र तो चांदी म्हणून जपत राहिले. हे त्यांना कोणी समजावून सांगितले नाही.

आजी-आजोबा हे कळण्याआधीच गेले. सोनारही राहिला नाही. पण त्याचा मुलगा दुकान चालवतो. गेल्या दिवाळीत मी दोन्ही रुपये घेऊन त्याच्याकडे गेलो आणि सारे सांगितले. त्याने ते एकेक करून काट्यावर ठेवले. राणीचा झिजून ११.५ भरला, राजाचा ११.६. तो हसला आणि म्हणाला, ‘बाबा आम्हाला सांगायचे, त्या वर्षांत अशी बरीच गिऱ्हाइके तुटली.’ मग त्याने दोन्ही रुपये रिठ्याच्या पाण्यात धुऊन, पुसून परत दिले. मजुरी घेतली नाही.