उतरवलेल्या घरांचे दरवाजे

पेशवाईतील वाड्याचा विचार करताना डोळ्यांपुढे प्रथम दगडी जोते आणि विटांच्या भिंती येतात. वस्तुतः वाडा उभा असे तो लाकडावर. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट, असा सांगाडा आधी उभा राही आणि भिंती त्याच्यामध्ये भरल्या जात. 1730 ते 1732 या काळात उभारलेल्या शनिवारवाड्यासाठी सागवान जुन्नरच्या जंगलातून आणले गेले. 1828 च्या आगीत ते जळून गेले तेव्हा मागे तट, बुरूज आणि जोती एवढेच उरले. लाकूड गेले की वाडा गेला, याचे याहून स्पष्ट प्रत्यंतर दुसरे नाही.

या सांगाड्याचा एक विशेष असा की, तो खिळ्यांनी ठोकलेला नसून एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून आणि लाकडी खुंट्या मारून जोडलेला असे. जे असे जोडले जाते ते उलगडताही येते. भिंत पाडतात, पण खांब, तुळया आणि दरवाजे ‘उतरवतात’. जुन्या घराचे लाकूड उतरवून नव्या घरात घालण्यात पूर्वी कोणालाच कमीपणा वाटत नसे. उलट, दोन पिढ्यांचे पावसाळे पाहिलेला साग आता वाकणार नाही की आकसणार नाही, हे सुताराला ठाऊक असे आणि तो तेच लाकूड पसंत करी. जुन्या वस्तू शोधून त्या पुन्हा वापरण्याची आवड अलीकडच्या शहरी अभिरुचीतून जन्मली, असा जो समज दिसतो तो म्हणूनच फारसा टिकत नाही. बदल झाला तो निराळ्या ठिकाणी. पूर्वी उतरवलेला दरवाजा पुन्हा दरवाजाच होई.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाडे मोठ्या संख्येने उतरू लागले. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि मालकाला डागडुजी परवडेनाशी झाली. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांमधील कित्येक जुनी घरे पाण्याने खचली. पुढे जागेची किंमत घराच्या किमतीहून कितीतरी वाढली आणि उरलेले काम सदनिकांनी केले. या साऱ्यातून निघालेले लाकूड वखारीत गेले. तुळया चिरून खिडक्यांच्या चौकटी झाल्या, पितळी कड्या आणि बिजागऱ्या वजनावर मोडीत निघाल्या. केळफुलाची नक्षी असलेल्या सुरूच्या खांबाला वखारीत भाव मिळे तो नक्षीचा नव्हे, घनफुटांचा.

या मोडीच्या प्रवाहाविरुद्ध एक माणूस त्याच्या कितीतरी आधीपासून उभा होता. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) हे मराठी वाचकांना ‘अज्ञातवासी’ या नावाने कवी म्हणून परिचित होते. हे टोपणनाव त्यांच्या कवितेपेक्षा त्यांच्या संग्रहाला अधिक शोभते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. माळ्यावर, अडगळीत आणि जुन्या बाजारात अज्ञातवास भोगणाऱ्या वस्तू शोधण्यात त्यांनी 1920 च्या सुमारास जो आरंभ केला, तो जवळजवळ आयुष्याच्या अखेरीपर्यंत चालू राहिला. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला आणि 1975 मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज त्यातील वस्तूंची संख्या वीस हजारांच्या घरात जाते.

केळकरांचे वेगळेपण त्यांच्या निवडीत आहे. त्या काळातील इतिहाससंशोधक कागदपत्रांच्या मागे होते, कलासमीक्षक मूर्ती आणि चित्रांच्या मागे. केळकरांनी अडकित्ते, वज्री, दौती, समया, कुलुपे, स्वयंपाकघरातील भांडी आणि कोरीव दरवाजे-खिडक्या गोळा केल्या. ज्या वस्तूंवर कारागिराचे नाव नाही आणि ज्या बहुधा स्त्रियांच्या हातून झिजल्या, त्यांना इतिहासाचे साधन मानण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते. अडकित्त्याचा उपयोग सुपारी फोडण्यापुरता. तरी त्याच्या मुठीला मोराचा किंवा मिथुनाचा आकार देणारा समाज समजून घ्यायचा, तर दरबारी बखरी पुरत नाहीत. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून त्यांनी ते संग्रहालयात पुन्हा उभे केले. जमिनीवरून घर पुसले गेले, दालन मात्र राहिले.

तथापि अशा बचावाला एक मर्यादा आहे आणि ती भाषेत फार ठळकपणे दिसते. वाड्याच्या दरवाजामागे आडवा घालायचा जो भक्कम लाकडी दांडा, तो अडसर. दार उघडे असताना तो भिंतीतल्या खोबणीत सरकवून ठेवीत. दरवाजा चौकटीसह उतरवता येतो. खोबण भिंतीची असते, ती उतरवता येत नाही. त्यामुळे संग्रहालयात वा दिवाणखान्यात पोहोचलेला दरवाजा बहुधा अडसराविना असतो. मराठीतही तेच घडले आहे. ‘अडसर’ हा शब्द आज केवळ अडथळ्याच्या अर्थाने उरला आहे आणि तो लिहिणाऱ्याच्या मनात दार नसते. ‘खीळ’ बसते ती विकासाला. ‘दिंडी’ म्हटले की वारी आठवते. मोठ्या दरवाजाच्या पोटातले, एका माणसाने वाकून आत शिरावे असे लहान दार आठवत नाही. फडताळ, दिवळी, कोनाडा हे शब्द तर भिंतीच्या जाडीतच राहत होते. भिंत नऊ इंचांची झाली आणि त्यांना जागा उरली नाही. अर्वाचीन कथा-कादंबऱ्यांतील घरांची वर्णने वाचताना विद्यार्थी अडखळतो तो येथे, आणि शब्दकोश त्याला अर्थ देतो, जागा देत नाही.

दुरुस्तीचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. जुन्या दरवाजावर तेलाचे, काजळीचे आणि पुढे चढवलेल्या ऑइलपेंटचे थर असतात. ते झटपट काढण्यासाठी कॉस्टिक सोड्याचा सर्रास वापर होतो. सोड्याने रंग सुटतो, पण लाकडाचे तंतू उठतात आणि सांधे सैल होतात. त्यावर घासणीयंत्र फिरवले की वाकसाने तासल्याच्या खुणाही जातात आणि मग तो दरवाजा नेमका किती जुना हे सांगण्यास काहीच आधार राहत नाही. जाणता सुतार रंग हळूहळू खरवडतो, पाण्याने कुजलेला तळाचा भाग तेवढाच कापून तेथे जुन्याच सागाचा तुकडा बसवतो, कारण नवा साग सुकताना आकसतो व सांधा उघडतो. शेवटी जवसाचे तेल चोळतो. हे काम वेळखाऊ आहे, म्हणून महाग आहे, म्हणून दुर्मिळ आहे. त्याहून सोपे म्हणजे दरवाजा आडवा करून, त्यावर काच ठेवून त्याचे मेज करणे. यात वस्तू वाचते हे नाकारता येत नाही. पण तिला सन्मान मिळाला, असे म्हणणे कठीण आहे.

कायद्याने या बाबतीत अर्धेच पाऊल टाकले आहे. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमात पुरावस्तूच्या व्याख्येत इमारतीपासून अलग केलेल्या वस्तूंचाही समावेश आहे, मात्र ती किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. अशी वस्तू देशाबाहेर नेण्यास खाजगी व्यक्तीस मनाई आहे. घरापासून ती अलग होताना मात्र हा अधिनियम आड येत नाही.

घराचा भाग न उचलता घरच उचलावे, हा मार्ग दक्षिणेत चोखाळला गेला. बँकेत नोकरी करणारे विजयनाथ शेणॉय (निधन 2017) यांनी मणिपाल येथे आधी स्वतःचे घरच मोडीत निघालेल्या घरांच्या खांबा-दारांतून बांधले. त्यानंतर हस्तशिल्प वारसा ग्रामात त्यांनी कर्नाटकातील वाडे, चौकी घरे आणि देवालये सुटी करून आणली व पुन्हा जोडली. चेन्नईजवळ मुट्टुकाडू येथे 1996 मध्ये खुल्या झालेल्या दक्षिणचित्रमध्येही चेट्टिनाडचे आणि केरळचे घर अशाच रीतीने उभे आहे. तेथे दार आपल्या चौकटीत, चौकट आपल्या भिंतीत आणि भिंत आपल्या अंगणाकाठी आहे. अर्थात गाव तेथे नाही, शेजार नाही, आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास दारे लावणारा माणूस पगारी असतो. परंतु दार लावताना तो जे करतो, ती क्रिया तरी मूळचीच आहे. शेणॉय यांच्या कामाची खरी किंमत त्या सुतारांना ठाऊक असावी, ज्यांनी प्रत्येक तुळईवर खूण करून ती उतरवली आणि शेकडो लाकडांतून तिची नेमकी खाच पुन्हा शोधून काढली.