बदलापूरचं बाळ, दाखला उल्हासनगरचा: जन्म, मृत्यू आणि लग्नाची नोंद नेमकी कुठे करायची?

घर बदलापूरला, बाळंतपण उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात. दाखल्यासाठी कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेत गेलं की 'आमच्याकडे नोंद नाही' असं उत्तर मिळतं. चिडचिड होते, पण उत्तर बरोबर असतं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार घटना जिथे घडली तिथे नोंद होते. कुटुंब कुठे राहतं, याचा इथे संबंध नाही.

त्यामुळे बाळ उल्हासनगरात जन्मलं तर महापालिका, अंबरनाथमध्ये जन्मलं तर तिथली नगरपरिषद, वांगणीत जन्मलं तर ग्रामपंचायत आणि कल्याणच्या दवाखान्यात जन्मलं तर कल्याण-डोंबिवली महापालिका. पहिलं बाळंतपण माहेरी साताऱ्याला झालं असेल तर दाखलाही तिकडचाच. आणि लोकलमध्ये? चालत्या गाडीत जन्म किंवा मृत्यू झाला, तर गाडी पुढे पहिल्यांदा जिथे थांबते ते नोंदीचं ठिकाण.

जुना दाखला शोधणाऱ्यांनी एक इतिहास लक्षात ठेवावा. १९८३ ते १९९२ या काळात अंबरनाथ आणि बदलापूर कल्याण महापालिकेत होते. त्या वर्षांतला जन्म स्थानिक रजिस्टरमध्ये सापडला नाही, तर कल्याण-डोंबिवली महापालिकेतही चौकशी करायला हवी.

२१ दिवस का महत्त्वाचे?

दवाखान्यातल्या जन्माची किंवा मृत्यूची माहिती कळवणं ही दवाखान्याची जबाबदारी आहे, घरातल्या घटनेची कुटुंबप्रमुखाची. मुदत २१ दिवस. वेळेत नोंद झाली की पहिला दाखला मोफत, तोही सात दिवसांच्या आत. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होतं. त्यानंतर वर्षभरापर्यंत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश हवा, म्हणजे उल्हासनगरच्या प्रांत कार्यालयाच्या फेऱ्या आल्या. बनावट दाखल्यांच्या तक्रारींनंतर २०२५ मध्ये राज्य सरकारने ही उशिराची प्रक्रिया बरीच कडक केली आहे. आज करू, उद्या करू म्हणण्यात काही अर्थ नाही.

बारसं व्हायचंय म्हणूनही थांबू नका. बाळाचं नाव न घालता नोंद होते. नाव १२ महिन्यांत विनाशुल्क घालता येतं, पुढे शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळा प्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, विवाह नोंदणी अशा कामांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर भागवण्याचे दिवस त्या मुलांसाठी संपले.

मृत्यूच्या वेळी गोंधळ वेगळा असतो. स्मशानातली पावती म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे. डॉक्टरांनी दिलेलं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र निबंधकाकडे जावं लागतं. मृत्यू घरी झाला तर ते शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून घ्यायचं. अर्ज भरताना नाव आधार आणि बँक पासबुकाशी जुळवून पाहा. दुःखात हे सुचत नाही हे खरं, पण पुढे विमा, पेन्शन आणि फ्लॅटची वारस नोंद एका अक्षरावर अडते. चूक झाली तर दुरुस्ती होते. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहितात.

लग्नाचं काय?

इथे कायदा वेगळा, १९९८ चा महाराष्ट्राचा. लग्नानंतर ९० दिवसांत महापालिका किंवा नगरपरिषदेच्या विवाह निबंधकाकडे 'नमुना ड' भरायचा. नवरा, बायको आणि तीन साक्षीदार हजर हवेत, सोबत वय आणि पत्त्याचे पुरावे, लग्नाचा फोटो, पत्रिका. मुदत गेली तरी जादा शुल्क भरून नोंद होते. मंदिरातलं किंवा मंगल कार्यालयातलं प्रमाणपत्र याची जागा घेत नाही. विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं असेल तर मार्ग दुसरा आहे: विवाह अधिकाऱ्याकडे आधी नोटीस आणि ३० दिवसांची वाट.

जन्म किंवा मृत्यूच्या नोंदीबाबत निबंधकाचा निर्णय मान्य नसेल, तर ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येतं. त्यावर ९० दिवसांत निर्णय देणं बंधनकारक आहे.