ऑन्टॉलॉजी (कारखानदारीतील)

कारखान्यातील यंत्रे, प्रयोगशाळा, गोदाम आणि हिशेब यांच्या संगणकप्रणालींना एकमेकींची माहिती नेमक्या अर्थासह वापरता यावी, म्हणून त्या क्षेत्रातील संकल्पना व त्यांचे परस्परसंबंध औपचारिक भाषेत मांडणारा आराखडा. संज्ञा मुळात तत्त्वज्ञानातली. संगणकशास्त्रातील तिची बहुचर्चित व्याख्या टॉम ग्रुबर यांनी १९९३ मध्ये केली.

गरज कशी उद्भवते ते पीव्हीसीच्या उदाहरणावरून कळते. रत्नागिरीजवळ रनपार-गोळप येथे फिनोलेक्स इंडस्ट्रीजचा पीव्हीसी रेझीनचा प्रकल्प १९९४ पासून आहे. कंपनीचे पाइप रत्नागिरीखेरीज पुण्याजवळ उर्से व गुजरातेत मासर येथेही बनतात. अशा कोणत्याही प्रकल्पात रिअॅक्टरचे तापमान वाढले की रेणूंच्या साखळ्या आखूड होतात आणि रेझीनचे के-मूल्य (साखळ्यांच्या लांबीचे माप) उतरते. पाइपांना साधारण ६७ के-मूल्य लागते. तापमान नोंदले जाते नियंत्रणकक्षात, के-मूल्य प्रयोगशाळेत, पोती कुठे गेली ते ईआरपी या साठा-हिशेबाच्या प्रणालीत. दूरच्या कारखान्यात पाइप ठिसूळ निघाला, तर या तीन नोंदी जुळवाव्या लागतात. इथे 'बॅच' म्हणजेच 'लॉट' असे धरून चालत नाही. सायलोत अनेक बॅचेस मिसळून एक लॉट होतो आणि एकच बॅच दोन लॉटमध्येही जाते. हा संबंध ऑन्टॉलॉजीत स्पष्ट लिहिलेला असतो. नुसता रकान्याला रकाना जोडून तो हाती लागत नाही.

या कामासाठी काही मानके आहेत. ओपीसी यूए (आयईसी ६२५४१) यंत्रांची माहिती वाहून नेते व तिला रचना देते. कारखाना व कार्यालय यांच्यातील देवाणघेवाणीचे प्रतिमान आयईसी ६२२६४ मध्ये आहे. ऑन्टॉलॉजी बहुधा ओडब्ल्यूएल भाषेत (२००४, सुधारित २००९) लिहितात व स्पार्कल या प्रश्नभाषेने तिला प्रश्न विचारतात. इंडस्ट्रियल ऑन्टॉलॉजीज फाउंड्रीची गाभा-ऑन्टॉलॉजी बेसिक फॉर्मल ऑन्टॉलॉजी (बीएफओ) या सर्वसाधारण ऑन्टॉलॉजीवर उभी आहे. बीएफओला २०२१ मध्ये आयएसओ/आयईसी २१८३८-२ म्हणून मानकाचा दर्जा मिळाला. तेल-वायू प्रकल्पांसाठीचे आयएसओ १५९२६ त्याहून जुने, पण वापरायला जडच.

खरी अडचण भाषेची वा सॉफ्टवेअरची नाही. ऑपरेटर, रसायनतज्ज्ञ आणि स्टोअरकीपर यांचे एकमत घडवण्याची आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे-परशुराम किंवा मिरजोळे औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लहान कारखान्यात नोंदी रजिस्टर वा एक्सेलमध्येच असतील, तर तिथे ओडब्ल्यूएलची घाई नको. आधी मापांची एकके, टाक्यांचे क्रमांक आणि लॉटची नावे सर्वत्र एकसारखी करावीत. संबंधांची मांडणी त्यानंतर हाती घ्यावी.