वय किती, थर किती? : दहीहंडीपासून चॅलेंजच्या व्हिडिओपर्यंत



बचत गटाची बैठक आटोपली, पैसे मोजून झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या की हल्ली एक विषय ठरलेला असतो. पोरं फोनवर चॅलेंजचे व्हिडिओ बघतात आणि तसं करून बघायला जातात. चालू द्यायचं की फोन काढून घ्यायचा? कुणी म्हणतं, खेळच तो, खेळू द्या. कुणी म्हणतं, आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

पण आमच्या वेळीही पैजा होत्याच. ‘हिंमत असेल तर करून दाखव’ हे वाक्य प्रत्येक पिढीने ऐकलंय. मग बदललं काय? ते कळलं तर कुठला व्हिडिओ आपल्या मुलाला चालेल आणि कुठला नाही, हे आपलं आपल्याला ठरवता येईल. म्हणून आज थोडा इतिहास सांगते.

सुरुवात विहिरीपासून करू. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगावी पोरं विहिरीत मुटके मारतात. तीही पैजच असते. पण पहिल्या दिवशी कुणी वरून उडी मारत नाही. आधी पाठीला डबा बांधतात. मग पायरीवरून उतरायचं, मग डबा काढायचा, मग खालच्या टप्प्यावरून उडी. आणि काठावर पट्टीचा पोहणारा कुणी काका-मामा बसलेला असतो. जिथे काठावर असं कुणी नव्हतं, तिथे पोरं बुडाल्याच्या गोष्टीही आपल्या गावांना माहीत आहेत.

मल्लखांबाचंही तसंच. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येला पुन्हा ऊर्जितावस्था आणली, असं सांगतात. पुण्यात १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ ही व्यायामाची संस्था निघाली. अशा संस्थांमधून आज मुलीसुद्धा दोरीच्या मल्लखांबावर डोकं खाली, पाय वर करून कसरती करतात. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण त्यामागे कित्येक महिन्यांचा सराव असतो, खाली गादी असते आणि शिकवणाऱ्याची नजर असते. म्हणजे अवघड गोष्ट मुलांनी करूच नये, असं आपल्या परंपरेनेही कधी म्हटलेलं नाही. ती पायरीपायरीने आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली करायची, एवढंच म्हटलं.

मग घरात टीव्ही आला. १९९७ साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ मालिका सुरू झाली. तुमच्यापैकी अनेकींनी ती लहानपणी पाहिली असेल. शक्तिमान येऊन वाचवेल म्हणून मुलांनी जिवावरचे खेळ केल्याच्या बातम्या तेव्हा आल्या आणि मोठा गदारोळ झाला. शेवटी शक्तिमानचं काम करणारे मुकेश खन्ना यांनाच पडद्यावरून मुलांना सांगावं लागलं की माझी नक्कल करू नका. करून दाखवणारा पडद्यात आणि बघणारं मूल घरात, अशी ताटातूट तिथून दिसायला लागली. तरी टीव्ही घरात एकच होता. मालिका ठरल्या वेळी लागायची आणि आई त्याच खोलीत भाजी निवडत बसलेली असायची.

आता दहीहंडीकडे येते, कारण आपल्या प्रश्नावर महाराष्ट्रात सगळ्यात जास्त खल झाला तो इथेच. दहीहंडी हे आपलं जाहीर चॅलेंजच. बक्षिसांच्या रकमा वाढल्या तशी हंडी वर गेली. २०१२ साली ठाण्यात जय जवान पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा विक्रम केला. एवढ्या उंच मनोऱ्याच्या टोकाला कोण चढणार? ज्याचं वजन सगळ्यात कमी, तो. म्हणजे सगळ्यात लहान मूल सगळ्यात उंचावर.

स्वाती पाटील या सामाजिक कार्यकर्तीने याविरुद्ध कोर्टात दाद मागितली. ११ ऑगस्ट २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की १८ वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढवायचं नाही आणि मनोरा २० फुटांपेक्षा उंच न्यायचा नाही. गोविंदांना सुरक्षेची साधनं द्यायची, खाली गाद्या घालायच्या, असंही सांगितलं. सण तोंडावर होता. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने ती बंधनं त्या वर्षापुरती थांबवली, पण १२ वर्षांखालची मुलं नकोत असं बजावलं. १७ ऑगस्ट २०१६ रोजी त्याच न्यायालयाने पुन्हा १८ वर्षं आणि २० फूट हीच मर्यादा कायम केली. पुढच्या वर्षी प्रकरण परत उच्च न्यायालयात आलं. ७ ऑगस्ट २०१७ रोजी १४ वर्षांखालच्या मुलांना घेणार नाही, ही सरकारची हमी न्यायालयाने मान्य केली. उंचीवर मात्र बंधन घातलं नाही.

कधी १२, कधी १८, कधी १४. आकडा काय असावा यावर आजही वाद घालता येईल. पण एवढी वर्षं चर्चा कशाची चालली होती ते बघा. चढणाऱ्याचं वय किती? पडला तर किती उंचीवरून पडेल? खाली काय आहे? जबाबदार माणूस कोण? आणि मुलाला वर चढवून नाव आणि पैसा कुणाला मिळतो? दहीहंडी बंद करा, असं कोर्टानेही म्हटलं नाही. त्यांनी खेळ पारखला. आपल्यालाही फोनमधला खेळ असाच पारखता येईल.

त्याच २०१७ च्या पावसाळ्यात ‘ब्लू व्हेल’ नावाच्या चॅलेंजची घबराट पसरली. अंधेरीत एका १४ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला आणि तो या खेळामुळे झाल्याच्या बातम्या आल्या. सोलापूरहून घर सोडून निघालेल्या एका शाळकरी मुलाला पोलिसांनी भिगवणजवळ एसटीतून उतरवून घेतलं. ११ ऑगस्टला केंद्र सरकारने कंपन्यांना या खेळाच्या लिंक काढून टाकायला सांगितलं. घरोघरी फोन लपवले गेले. पुढे सरकारी समितीने तपास केला आणि जानेवारी २०१८ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की त्या घटनांमध्ये या खेळाचा हात असल्याचं सिद्ध झालं नाही.

म्हणजे काळजीचं कारणच नव्हतं का? मुलं तर गेली होती. पण सगळं गाव खेळाचं नाव शोधत बसलं आणि मूल महिनाभर गप्प का होतं, जेवत का नव्हतं, हे विचारायचं राहून गेलं, असं कुठे झालं नसेल असं म्हणवत नाही. आजही व्हॉट्सॲपवर ‘हा नवा जीवघेणा खेळ आलाय, सावध राहा’ असा मेसेज आला की आपण तो मुलांसमोर मोठ्याने वाचतो. ज्याला ते नाव माहीतही नव्हतं, ते मूल मग ते शोधायला जातं.

२०१८ साली चालत्या गाडीतून उतरून नाचायचं ‘किकी चॅलेंज’ आलं. आपल्याकडे तीन तरुणांनी ते लोकल ट्रेनसोबत केलं. वसईच्या रेल्वे न्यायालयाने त्यांना तीन दिवस स्टेशन साफ करायची आणि प्रवाशांना अशा स्टंटचा धोका समजावून सांगायची शिक्षा दिली. मला ही शिक्षा फार शहाणपणाची वाटते. आपण घरी नुसता मार देतो किंवा फोन आपटतो, त्याने मूल लपवायला शिकतं.

मग आलं २०२०. शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी फोन मुलांच्या हातात गेला. २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली, तर जुलैमध्ये इन्स्टाग्रामचे रील्स आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबचे शॉर्ट्स आपल्याकडे सुरू झाले. एक दुकान बंद झालं, दोन उघडली. इन्स्टाग्रामच्या नियमात १३ वर्षांखालच्या मुलांचं खातं चालत नाही. जिवावर बेतणारी चॅलेंजेस चालणार नाहीत, असं यूट्यूबने २०१९ मध्येच स्पष्ट केलंय. पण वय खोटं टाकलं की खातं उघडतं, आणि बऱ्याच घरांत मूल आईच्याच फोनवर, आईच्याच खात्यातून बघत असतं. फोनला वाटतं, बघणारी चाळीस वर्षांची बाई आहे.

आमच्या पुण्यातली गोष्ट सांगते. जून २०२४ मध्ये जांभूळवाडी भागात एका पडक्या इमारतीच्या कठड्यावरून एक तरुणी एका तरुणाचा हात धरून लटकली आणि त्याचं रील केलं. खाली ना जाळी, ना गादी. हात सुटला नाही म्हणून निभावलं. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. करणारे सज्ञान होते, पण फोनवर ते बघणारं मूल सहावीतलंही असू शकतं. त्या काही सेकंदांत खाली काय आहे ते धड दिसत नाही, आणि फसलेला प्रयत्न तर कुणी टाकतच नाही.

धोका उंचीचाच असतो असंही नाही. अमेरिकेत सप्टेंबर २०२३ मध्ये अतितिखट चिप खायचं चॅलेंज केल्यावर एक १४ वर्षांचा मुलगा दगावला. त्याच्या हृदयात आधीपासून दोष होता, असं तपासणीत दिसलं. कंपनीने ती चिप बाजारातून काढून घेतली. दहा जणांना नुसतं नाका-डोळ्यांतून पाणी येतं, अकराव्याच्या जिवावर बेततं. आणि अकरावा कोण, हे कपाळावर लिहिलेलं नसतं.

तर मैत्रिणींनो, पोराच्या शेजारी बसा. व्हिडिओ दोनदा बघा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. गाणं आणि हसणं गेलं की नेमकं काय चाललंय ते दिसतं. मग दहीहंडीचेच प्रश्न विचारा. करणाऱ्याचं वय काय आणि आपल्या मुलाचं काय? फसलं तर काय होईल, नुसतं हसं की दवाखाना? खाली गादी आहे का, म्हणजे मधेच थांबता येतं का? जवळ मोठं माणूस आहे का? ‘आईला सांगू नको’ असं त्यात आहे का? आणि यातून कुणाला काय मिळतं? श्वास रोखणं, गळा आवळणं, आग, वीज, औषधाच्या गोळ्या, रेल्वे, रस्ता, उंची, खोल पाणी, यातलं काहीही दिसलं तर पुढचे प्रश्न विचारायचीही गरज नाही. तिथे ‘नाही’ म्हणायचं आणि का नाही तेही सांगायचं. व्हिडिओजवळच्या तीन टिंबांवर बोट ठेवून ‘रिपोर्ट’ करायला मुलालाच सांगा.

बाकीच्याला हो म्हणायला शिका. २०१४ साली जगभर बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतायचं चॅलेंज आलं, एका आजाराच्या संशोधनासाठी पैसे जमवायला. हैदराबादच्या एका महिला पत्रकाराने म्हटलं, आपल्याकडे पाणी कशाला वाया घालवायचं? तिने तांदळाची बादली गरजूला द्यायचं चॅलेंज काढलं आणि लोकांनी ते उचललं. पाढे पाठ म्हणायचे, आजीकडून दहा ओव्या शिकायच्या, पाठीला डबा बांधून पोहायला शिकायचं, अशी चॅलेंजेस आपण गटातल्या मुलांना का देऊ नयेत? मुलाला टाळ्या हव्या असतात. त्या घरात मिळाल्या तर त्यासाठी त्याला अनोळखी माणसांसमोर जीव टांगावा लागत नाही.

आणि मूल अचानक अबोल झालं, रात्री जागायला लागलं, अंगावर जखमा दिसल्या, मरणाच्या गोष्टी करायला लागलं, तर कुठला खेळ आहे हे शोधत वेळ घालवू नका. आधी जवळ घ्या, एकटं सोडू नका. सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. दोन्ही नंबर आजच गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पोरं पैजा लावणारच. आपण फक्त काठावर बसलेलं असायला हवं.