ओवी, बेंजो आणि सहा तारा

स्मरणिकेसाठी गावाच्या इतिहासावर काहीतरी लिही, असा समितीचा निरोप आला. व्याडेश्वर, गोपाळगड, एन्रॉनची वर्षं, यांवर लिहायला आपल्या बॅचमध्ये माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आहेत. माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं, पोटापाण्याचा उद्योग सॉफ्टवेअरचा. पण गेली काही वर्षं संध्याकाळी लॅपटॉप मिटला की मी गिटार घेऊन बसते आणि त्यावर आपल्याकडची गाणी म्हणते. भोंडल्याची, एखादी गवळण, आजीच्या ओव्या. कार्यक्रम वगैरे काही नाही, स्वतःपुरतं. हे कळलं की माणसं हमखास विचारतात, "गिटारवर ओवी? मग ती आपली राहिली का?" प्रश्न खोचक असला तरी चांगला आहे, आणि तो इतिहासाचाच आहे. म्हणून हा लेख.

आधी वाद्यांचं बघू. आपलं म्हणून ज्याला आपण छातीशी धरतो, त्यातलं किती इथलं आहे? पेटीशिवाय आपल्याकडे भजन उभं राहत नाही. तिचं मूळ पॅरिसचं. देबँ नावाच्या कारागिराने १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं, आणि पुढे कोलकात्यात तिला हाताने भाता मारायची, मांडी घालून वाजवायची बैठी पेटी केली गेली. तिच्यावर इतका राग होता की ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला स्टुडिओतून बाहेर काढलं. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. वाडीवरच्या भजनी मंडळांना याचा पत्ता तरी होता की नाही देव जाणे.

बेंजोची कथा त्याहून मजेशीर. मुंबईत गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी वाजते, आणि आता आपल्याकडच्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांतही बेंजो दिसतो. त्याचा अमेरिकेतल्या बॅंजोशी नावापलीकडे काही संबंध नाही. तो म्हणजे आपला बुलबुल तरंग, वीज जोडलेला. आणि बुलबुल तरंग म्हणजे जपानचं ताइशोगोतो. नागोयातल्या मोरिता गोरो यांनी १९१२ साली ते बनवलं. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, खाली तारेवर पट्टी बसते आणि दुसऱ्या हाताने तार छेडायची. म्हणजे पडदे असलेलं, छेडून वाजवायचं, परदेशी तंतुवाद्य आपल्या लोकगीतांच्या मांडवात कधीच येऊन बसलं आहे. कोणी त्याला विचारलं नाही, तू आमचा का?

गिटारचा मार्ग वेगळा. ती पोर्तुगीजांच्या वाटेने आली असं ढोबळपणे म्हणतात, पण सोळाव्या शतकातली गिटार आजच्यासारखी नव्हती. लहान, बहुधा तारांच्या चार जोड्यांची. सहा सुट्या तारांचं रूप अठराशेच्या आसपासचं. गोव्यात चर्चच्या शाळांमधून स्वरलिपी शिकवली गेली आणि तिथून तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले. आपल्या लहानपणी रेडिओवर गिटार ऐकू आली ती याच मार्गाने. तशी पोर्तुगीजांची गाठ आपल्याशी फार आधी पडली होती. डिसेंबर १५०८ च्या अखेरीस आल्मेदाच्या आरमाराने दाभोळ जाळलं. धोपाव्याच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघताना समोर दिसतं तेच दाभोळ. त्या जहाजांवर एखादं तंतुवाद्य असेलही, पण त्या दिवशी गाणं ऐकायला कोणी थांबलं नसणार.

आता गाण्यांकडे येते.

आपल्या तालुक्यातली गाणी म्हटलं की पहिलं डोळ्यांसमोर येतं नमन. शिमग्यात पालखी घरोघर येते, खेळे येतात, मृदंग आणि झांजा ऐकू येतात आणि काळ्या कपड्यातला, उंच टोपीचा, पांढऱ्या दाढीचा संकासूर अंगणात घुसतो. आपल्यातले कोण कोण पडवीच्या खांबामागे लपायचे ते इथे लिहीत नाही, सगळे आता मोठ्या हुद्द्यांवर आहेत. गणपतीत जाखडी. मधोमध गाणारे आणि ढोलकीवाला, भोवती घुंगरू बांधलेल्या पोरांचं रिंगण. त्यातला शक्ती-तुऱ्याचा सवाल-जबाब म्हणजे पेशवाईतल्या शाहिरांच्या कलगी-तुऱ्याचीच कोकणातली शाखा: कलगीवाले शक्तीचे, तुरेवाले शिवाचे. गिरण्यांत कामाला गेलेल्या चाकरमान्यांनी हा नाच मुंबईला नेला. तिथल्या लोकांनी या मंडळींच्या कानातल्या बाळीवरून त्याला 'बाल्या नाच' म्हटलं असं सांगतात. गावाचं गाणं मुंबईला जाऊन आलं, येताना बेंजो आणि माइक घेऊन आलं, आणि तरी गावाचंच राहिलं.

या सगळ्या गाण्यांत एक गोष्ट समान आहे. ती एकट्याची नाहीत. त्यांना मान आहेत, क्रम आहे, वेळ आहे. आधी गण, मग गवळण, मग वग. आणि शतकानुशतकं ती पुरुषांची आहेत, गोमूसुद्धा लुगडं नेसलेला पुरुषच. अलीकडे बायकांची नमन मंडळं उभी राहिली आहेत याचा मला मनापासून आनंद आहे, पण आपल्या आयांनी नमन पाहिलं ते पडवीत बसून. मी स्वतः नमनातला गण गिटारवर घेत नाही. तो देवापुढे म्हणायचा असतो, मृदंगाबरोबर, आणि माझ्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये त्याचं काही काम नाही. गवळण घेते. हा माझा स्वतःपुरता नियम, बाकी कोणी पाळावा असं नाही.

मग स्वतःपुरतं गाण्याचं गाणं आपल्याकडे होतं का? होतं, आणि ते आपल्या भाषेतल्या सर्वांत जुन्या नोंदी असलेल्या गाण्यांपैकी एक आहे. चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात, म्हणजे ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरीच्या आधीची दीडशेहून अधिक वर्षं. ओवीला श्रोता लागत नाही. पहाटे जात्यावर एक किंवा दोघीजणी, घर झोपलेलं, आणि जात्याच्या घरघरीत जे मनात आहे ते म्हणून टाकायचं. माहेर, भाऊ, लेक, सासूचा राग. समोर ऐकणारं असतं तर त्यातलं निम्मं म्हटलंच गेलं नसतं. खोलीत एकटं बसून गिटारवर स्वतःचं मन मोकळं करणं हे पाश्चात्त्य खूळ आहे, असं मला कोणी म्हटलं की मी त्यांना जातं दाखवते.

गावात पिठाची गिरण आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. बायकांचे हात सुटले, हे फार चांगलं झालं. त्यावर गळे काढणाऱ्यांनी आठवडाभर रोज पायलीभर दळून बघावं. पण जात्याबरोबर ओवीची जागा गेली. ही गाणी जातील हे ज्यांना आधी कळलं त्यांनी ती लिहून ठेवली. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या. दुर्गाबाई भागवतांनी लोकसाहित्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास मराठीत आणला. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीमार्फत खंडामागून खंड काढले. पुढे पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हॅं यांनी खेड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या.

पण यांतलं जुनं बहुतेक काम कागदावरचं आहे. शब्द राहिले, चाली राहिल्या नाहीत. राईरकर-पॉइतव्हॅं यांच्या संग्रहासाठी नव्वदच्या दशकात बर्नार बेल यांच्या मदतीने ध्वनिमुद्रण झालं म्हणून त्यातल्या काही हजार ओव्या आज कानांनी ऐकता येतात. बाकी महाराष्ट्रात छापलेल्या कितीतरी ओव्या आता फक्त वाचायच्या. माझ्या घरचंच सांगते. आजीच्या ओव्या आईने शाळेच्या रेघी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवल्या, चाळीसच्या वर आहेत. आजी गेल्यावर वही उघडली तेव्हा आईला चाल आठवली फक्त सहांची. उरलेल्यांना आम्ही त्याच सहांतली एखादी चाल लावतो. आजी तसं म्हणत नव्हती, एवढं मात्र दोघींना पक्कं आठवतं.

गिटारचा मला उपयोग झाला तो इथे, आणि तिचा दोषही इथेच दिसला. थोडं गणित करते, सरांना आवडेल. षड्जाची कंपनं २४० धरली तर शुद्ध गंधार ३००. गिटारचे पडदे मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग करून ठोकलेले असतात, प्रत्येक पडदा आधीच्यापेक्षा सुमारे १.०५९५ पटीने वर. त्यामुळे तिचा गंधार येतो ३०२.४ वर. पंचम ३६० ऐवजी ३५९.६, म्हणजे जवळजवळ बरोबर. भांडण आहे ते गंधाराशी. हेच भांडण पेटीशी होतं, आणि ते मिटवायला सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स साहेब यांनी १९१० नंतरच्या काळात बावीस श्रुतींची पेटी करवून घेतली. विद्वत्तेचं काम, पण ती पेटी काही घरोघर गेली नाही.

आजीचा गंधार तर यांतल्या कुठल्याच हिशोबात बसत नाही. तो कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी, आणि वर चढताना एक, उतरताना दुसरा. गिटारची तार ओढली की स्वर फक्त वर जातो, खाली आणता येत नाही. म्हणून शुद्ध गंधाराच्या पडद्यावर बोट ठेवण्यात अर्थ नाही. एक पडदा मागे, कोमलावर ठेवायचं (तो सुमारे २८५ वर बोलतो) आणि तार ओढत आजीच्या जागेपर्यंत न्यायची. बोटाला घट्टे पडतात. आईला समोर बसवून "अजून थोडं, नाही, जास्त झालं" असं ती म्हणेपर्यंत ओढायची. पेटीवर हे जमत नाही.

दुसरी अडचण कॉर्डची. गिटार शिकवणारे पहिल्या दिवसापासून कॉर्ड शिकवतात, तीन-चार स्वर एकदम. ओवीखाली कॉर्ड घातली की ती लगेच सिनेमातल्या गाण्यासारखी वाटू लागते, कारण कॉर्डमधला गंधार आधीच ठरवून टाकतो की गाणं हसरं की दुःखी. ओवी ते ठरवत नाही. ती एकाच चालीत लेकीचं कौतुकही करते आणि माहेर तुटल्याचंही सांगते. यावर उपाय सापडला तो परदेशातल्या लोकगीतवाल्यांकडे. डेव्ही ग्रॅहम या इंग्लिश वादकाने मोरोक्कोतलं संगीत ऐकून १९६० च्या सुरुवातीला गिटारच्या तीन तारा एकेका स्वराने उतरवल्या. जाड तारेकडून बारीक तारेकडे डी-ए-डी-जी-ए-डी. आपल्या भाषेत सा-प-सा-म-प-सा. यात गंधार कुठेच नाही! सहाही तारा मोकळ्या सोडल्या तर तंबोऱ्याच्या जवळ जाणारा आवाज येतो आणि गंधार गळ्यासाठी मोकळा राहतो. अंगठ्याने जाड तार सारखी चालू ठेवायची, ती जात्याची घरघर. बाकी जे सांगायचं ते एका तारेवर. गवळणीला मात्र तळहाताने लाकडावर थाप द्यावी लागते, मृदंगाशिवाय ती उभीच राहत नाही. थाप म्हणजे मृदंग नव्हे, हे मलाही कळतं.

भोंडल्याची गाणी सर्वांत सोपी पडली. पाटावर हत्ती, भोवती फेर, आणि खिरापत ओळखेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. त्या चाली तीन-चार स्वरांत फिरतात, पाचवीतल्या मुलीच्या गळ्याला बेताच्या. माझी लेक ती गिटारवर दोन आठवड्यांत शिकली.

कोळीगीतांबद्दल एक तक्रार नोंदवून ठेवते. आपल्या स्नेहसंमेलनात दरवर्षी कोळीनृत्य असायचं आणि दरवर्षी गाणं वेसाव्याचं, नाहीतर शान्ता शेळके आणि हृदयनाथ मंगेशकर यांचं. गाणी उत्तमच, वाद नाही. पण असगोलीच्या किनाऱ्यावर होड्या लागलेल्या असताना आपण गाणं आणलं मुंबईहून, रेकॉर्डवरून. आपल्या खारवी वाड्यांवर बायका लग्नात, हळदीला काय म्हणत होत्या ते आपल्यापैकी कोणी विचारलं नाही. आपल्याच वर्गात त्या घरांतल्या मुली बसत होत्या.

तेव्हा मेळाव्याला येताना एक करा. आई, आत्या, मावशी, शेजारच्या काकू, ज्यांना काही येत असेल त्यांचं गाणं फोनवर रेकॉर्ड करून आणा. वाद्य नको, साथ नको, पंखा मात्र बंद करा. मध्येच विसरल्या, हसल्या, "पुढचं आठवत नाही गो" म्हणाल्या तरी थांबवू नका, तेही राहू द्या. शब्द वहीत असले तरी म्हणवून घ्या. गावाचं आणि वाडीचं नाव फाइलला द्या: पालशेत, अंजनवेल, वेळणेश्वर, हेदवी, जिथलं असेल ते. सगळं एकत्र साठवून शाळेच्या वाचनालयाला एक प्रत द्यायचं काम माझ्याकडे. गिटार मी आणणार आहे, पण खाऱ्या वाऱ्यात दोन दिवसांत तारांना गंज चढतो, म्हणून सुट्या तारांचा एक संचही बरोबर असेल.