घरातली शाळा, घराबाहेरचे जग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमचे वडनेर हिंगणघाट तालुक्यातले. नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे गाव. मी जिल्हा परिषदेच्या शाळांतून एकतीस वर्षे इतिहास शिकवला आणि निवृत्त होऊन पुन्हा गावातच स्थायिक झालो. मुलगा अमेरिकेत, टेक्सासमध्ये असतो. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. पाऊस किती झाला, कापसाला भाव काय, गुडघे कसे आहेत, एवढे विचारून झाले की फोन नातीकडे जातो.

गेल्या वर्षी एका रविवारी नातीने वेगळाच प्रश्न केला. ‘‘आजोबा, केडगाव तुमच्या गावाजवळ आहे का?’’

मी म्हटले, ‘‘नाही गं, ते पुण्याकडे. तुला कुठे भेटले केडगाव?’’

उत्तर मुलाने दिले. त्यांच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. पाच मुले, पण शाळेत एकही जात नाही. आईच स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसवून त्यांना शिकवते. भिंतीवर जगाचा मोठा नकाशा आहे आणि ओळखीचे मिशनरी जिथे जिथे काम करतात तिथे टाचण्या टोचल्या आहेत. कपाटात विल्यम कॅरी, वेल्लोरच्या आयडा स्कडर, पंडिता रमाबाई यांची चरित्रे. त्यांतल्या दहा वर्षांच्या मुलीने आमच्या नातीला विचारले, तू महाराष्ट्रातली, म्हणजे रमाबाईंचे केडगाव तू पाहिले असशील! नातीने पाहिले नव्हते. माझ्या मुलानेही नाही. आणि खरे सांगायचे तर मीही नाही. नागपूरहून पुण्याला जाणारी गाडी दौंड सोडल्यावर केडगाव स्टेशनावरूनच पुढे जाते. कितीदा गेलो असेन! वर्गात रमाबाईंबद्दल सांगताना मात्र ‘शारदा सदन’ आणि ‘मुक्ती सदन’ या दोन नावांपलीकडे मी कधी गेलो नाही.

फोन ठेवण्याआधी मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, आम्हीही हिला घरी शिकवावे का, असा विचार चालला आहे. त्या मुलांचे वाचन बघून हेवा वाटतो. तुम्ही जन्मभर शाळेत शिकवलेत. तुम्हाला काय वाटते?’’

मी विचार करून सांगतो म्हणालो आणि वाचायला बसलो. त्या वाचनातून जे हाती लागले, ते आज सांगतो आहे.

अमेरिकेत घरी शिकवण्याची चळवळ १९८० च्या दशकात जोर धरू लागली. तीत ख्रिस्ती कुटुंबे मोठ्या संख्येने होती. १९९३ पर्यंत तिथल्या सर्व राज्यांत घरचे शिक्षण कायदेशीर ठरले. या चळवळीचा आणि मिशनकार्याचा संबंध मात्र जुना आहे. दूरदेशी गेलेल्या मिशनऱ्यांना मुलांसाठी शाळा कुठून मिळणार? बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेने १९०६ पासून टपालाने घरचा अभ्यासक्रम पाठवायला सुरुवात केली, तेव्हा त्याचा आधार घेणाऱ्यांत मिशनरी कुटुंबेही होती. चळवळीचे एक प्रमुख जोडपे, रेमंड आणि डोरोथी मूर, जपानमध्ये मिशनच्या कॉलेजात काम करून आलेले. म्हणजे शेजारच्या भिंतीवरचा तो नकाशा नुसती हौस नव्हे. या कुटुंबांच्या दृष्टीने घरी शिकणे आणि सेवेसाठी दूर जाणे ही एकाच धाग्याची दोन टोके आहेत.

हा धागा महाराष्ट्रातूनही गेलेला आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, १८१३ मध्ये मुंबईत उतरले. पुढे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे या मिशनचे मोठे केंद्र झाले. तिथल्या बंगल्यांत लहान मुलांना आईच शिकवी. मुले नोकरचाकरांत, शेजाऱ्यांत मराठी बोलत वाढत. पण थोडी मोठी झाली की त्यांना मायदेशी पाठवायचे, नातलगांकडे ठेवायचे, हा रिवाज. मग वर्षानुवर्षे भेट नाही. मसुरीजवळचे वुडस्टॉक, १९०१ मध्ये मिशनरींच्या मुलांसाठी निघालेली कोडाईकनालची शाळा, यांमुळे पुढे ही ताटातूट बरीच कमी झाली.

यातले एक नाव रॉबर्ट ॲलन ह्यूम. जन्म १८४७, मुंबईचा. वडीलही मिशनरी. ते १८५४ मध्ये मायदेशी जाताना समुद्रप्रवासातच वारले. मुलगा अमेरिकेत वाढला, येल विद्यापीठात शिकला आणि १८७४ मध्ये मिशनरी होऊन परत आला तो अहमदनगरलाच. पुढली पन्नासएक वर्षे त्याने तिथे काढली. अशा किती मुलांनी आईबापांचेच काम पुढे चालवले! लहानपणी ऐकलेल्या मराठीने त्यांना परत ओढून आणले असेल, असे म्हणायचा मोह होतो. पण माझ्यातला शिक्षक इथे थोडा अडखळतो. ज्या घरात आईच गुरू, बापच गुरू आणि दोघांचेही आयुष्य एकाच कामाला वाहिलेले, त्या घरातल्या मुलाला ‘मला हे करायचे नाही’ असे म्हणायला किती जागा असेल?

हा प्रश्न मनात घेऊन मी रमाबाईंकडे आलो. त्या कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकांनाही संस्कृत आले पाहिजे, हा त्यांचा ध्यास. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी शिकवायला घेतले, त्यावरून धर्मपंडितांचा रोष ओढवून घेतला आणि शेवटी गंगामूळच्या रानात आश्रम बांधून राहिले. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या. वडील तोवर थकले होते. म्हणून शिकवायचे काम आईकडे आले. घरकाम सुरू होण्याआधी, उजाडण्यापूर्वी, आई मुलीला उठवी आणि पाठ घेई. कुटुंब पुढे तीर्थयात्रेला निघाले आणि शाळाही पायी चालू लागली. मुक्कामाला देवळात पुराण सांगायचे, मिळेल त्यावर गुजराण करायची. बाराव्या वर्षापर्यंत रमाबाईंचे हजारो श्लोक पाठ झाले होते. १८७८ मध्ये भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर त्या कलकत्त्यास पोचल्या, तेव्हा तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. घरच्या शाळेचे याहून मोठे यश कोणते? रमाबाईंनी १८८७ मधले आपले इंग्रजी पुस्तक याच आईच्या स्मृतीला अर्पण केले.

पण या कथेत मधले एक पान आहे आणि ते आपण वर्गात वाचत नाही. कलकत्त्यास पोचण्यापूर्वी, १८७० च्या दशकातल्या दुष्काळात, या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. पुढे रमाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात याचे कारण निर्भीडपणे सांगितले आहे. धर्मग्रंथांखेरीज आम्हांला काहीच शिकवले नव्हते, पोट भरण्याजोगे दुसरे कोणतेही काम येत नव्हते, असा त्याचा आशय. ज्या आईबापांचे ऋण त्या जन्मभर मानत आल्या, त्यांच्याच शिक्षणातली उणीव त्यांनी झाकली नाही. घरच्या शाळेने बुद्धीला धार दिली, पण दाराबाहेरच्या जगात दोन हातांनी जगायचे कसे, ते दिले नाही.

१८८२ मध्ये विधवा होऊन, कडेवर मुलगी मनोरमा, अशा त्या पुण्यात आल्या. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. जी मुलगी घराच्या शाळेत पुराणे शिकली, ती त्या घराच्या धर्माबाहेर पडली. कुणाला ते पटो न पटो. वडिलांनी तिला वाचायला, वाद घालायला, स्वतः पारखून घ्यायला शिकवले होते आणि तेच हत्यार तिने वापरले. नव्या घरातही तिने ते म्यान केले नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी धर्मतत्त्वांवरून आणि मनोरमेच्या संगोपनावरून त्यांचा पत्रांतून झालेला वाद प्रसिद्ध आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत निघालेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आले. १८९३ मध्ये तिथल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत म्हणून वादळ उठले. ‘केसरी’ने टीका केली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ते पालक सगळेच कोत्या मनाचे होते असे मी म्हणणार नाही. मूल कुणाच्या हाती सोपवायचे आणि त्याच्या मनात काय पेरले जाते याची काळजी, हीच तर आज टेक्सासमधल्या त्या शेजारणीचीही काळजी आहे. फक्त बाजू बदलली आहे.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात हाहाकार उडाला. आपला वर्धा जिल्हा तेव्हा त्याच मध्य प्रांतात होता. वर्तमानपत्रांत बातम्या वाचून रमाबाईंना आपले बालपण आठवले असणार. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावची मुक्ती वसाहत या मुलींनी उभी राहिली. आणि तिथला अभ्यासक्रम पाहा. लिहिणे-वाचणे आहेच, पण शेती, गायी-म्हशी, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना हेही आहे. अंध मुलींसाठीही शिक्षण आहे. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात मुलींनी जुळवले, छापले. त्यांच्या आईवडिलांच्या शाळेत जे नव्हते, ते त्यांनी या मोठ्या घरात घातले. भुकेने शिकवलेला धडा त्या विसरल्या नाहीत.

मनोरमा मात्र आईच्या कामातच वाढली आणि आईच्याच कामात गेली. इंग्लंड-अमेरिकेत शिकून ती परतली, आईचा उजवा हात झाली आणि २४ जुलै १९२१ रोजी, चाळिशीतच वारली. पुढच्या ५ एप्रिलला, १९२२ मध्ये, रमाबाईही गेल्या. आईला आपल्या बापाचे घर ओलांडता आले. मुलीला ओलांडायचे होते की नव्हते, हे तिच्याकडून ऐकायला आज कोणी नाही.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. आमच्या पिढीतल्या शिक्षकांना हा प्रश्न मिशनऱ्यांपेक्षा सेवाग्रामने आधी दाखवला. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत आपल्या मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवले. आपल्याला नीट शिक्षण मिळाले नाही, ही मुलांची तक्रार होती आणि ती त्यांनी आत्मकथेत नोंदवली आहे. थोरल्या हरिलालच्या मनात हे शल्य कायम राहिले. उलट महादेवभाई देसाई यांच्या मुलाने, नारायणने, स्वतःच शाळा सोडली आणि वडिलांजवळ, आश्रमात तो शिकला. पुढे तो नई तालीमचा शिक्षक आणि गांधीजींचा मोठा चरित्रकार झाला. दोघांच्याही घरी सेवेचेच व्रत, दोघांचेही शिक्षण घरी. फरक मला एवढाच दिसतो, की एकाच्या बाबतीत निर्णय बापाचा होता, दुसऱ्याच्या बाबतीत मुलाचा.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची योजना पुढे आली. सेवाग्रामला हे काम ज्यांनी चालवले ते आर्यनायकम मूळचे श्रीलंकेचे, तमिळ ख्रिस्ती. त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी आशादेवी. नंतर इंग्लंडच्या क्वेकर पंथाच्या मार्जरी साइक्स याही तिथे शिक्षक घडवायला आल्या. सूतकताई, शेती, सफाई यांतून गणित आणि भूगोल. केडगावच्या आवारातही मुली कामातूनच शिकत होत्या. दोन्ही ठिकाणचे देव वेगळे असतील, पण शाळेला घरासारखे करायचे आणि घराला जगाकडे उघडायचे, हा खटाटोप एकच.

पुढच्या रविवारी मुलाला मी जे सांगितले ते असे. घरी शिकवा किंवा शाळेत घाला, मी दोन्हीला नको म्हणणार नाही. मी जन्मभर शाळेत शिकवले म्हणून शाळाच थोर, असेही म्हणणार नाही. चाळीस मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर हरवलेली पोरे मी पाहिली आहेत. त्यांतल्या काहींना मीच हरवू दिले. पण घरी शिकवायचे ठरवलेच, तर तीन गोष्टी विसरू नका. तिच्या हातांना काम शिकवा. तुमच्यासारखे नसलेले लोक तिला रोज भेटू द्या. आणि तिसरी सगळ्यांत अवघड. उद्या तिने तुमचीच विद्या वापरून तुम्हाला नाही म्हटले, तर ते ऐकून घ्यायची तयारी आजपासून ठेवा. आणि हो, हा निर्णय घेताना तिलाही विचारा.

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘बाबा, आम्ही तिला अजून विचारलेच नाही.’’

त्यांनी अजून काही ठरवलेले नाही. डिसेंबरात सगळे वडनेरला येणार आहेत. शेजारच्या मुलीला नातीने केडगावचा फोटो कबूल केला आहे. म्हणून या खेपेला पुण्याच्या वाटेवर आम्ही दौंडला उतरणार आणि तिथून केडगावला जाणार. इतकी वर्षे खिडकीतून मागे पडलेले ते स्टेशन मीही पहिल्यांदाच पाहीन, नातीचा हात धरून.